बिटकी आणि निळी शिंपली

खाडीकाठी एक झाड. झाडात ढोली. ढोलीत राहायची बिटकी खार.

वारा आला, सूं सूं सूं. ढोलीतला कापूस गेला उडून. पिल्लं लागली कुडकुडायला.

बिटकी निघाली, झुपुक झुपुक.

पलीकडच्या काठावरून बगळेदादा कापूस विकायला आले होते.

"बगळेदादा, बगळेदादा, कापूस द्या. पिल्लं कुडकुडतात."

बगळा म्हणाला, "आधी निळी शिंपली आण. आमच्या काठावर तीच चालते. दुसरं काही चालत नाही."

निळ्या शिंपल्या सगळ्या खेकडोबाकडे. बिटकी निघाली, झुपुक झुपुक.

"खेकडोबा, खेकडोबा, शिंपली द्या. शिंपली बगळ्याला, बगळा देईल कापूस. पिल्लं कुडकुडतात."

खेकडा गोड हसला. फार गोड हसला.

"उसनी ने की. एक ने, दोन परत दे."

बिटकीने शेपटी आवळली. दुसरी कुठून आणायची? निळी शिंपली काही झाडाला लागत नाही. इथे पाणी मुरतंय.

"उसनी नको," बिटकी म्हणाली.

"मग आधी भात आण."

बिटकी निघाली, झुपुक झुपुक.

"उंदीरमामा, उंदीरमामा, भात द्या. भात खेकड्याला, खेकडा देईल शिंपली. शिंपली बगळ्याला, बगळा देईल कापूस. पिल्लं कुडकुडतात."

मामाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"उसनी नाही ना घेतलीस? मी घेतली होती. दोन फेडल्या, तर म्हणतो चार."

"नाही घेतली."

"मग देतो भात. आधी केळं आण."

बिटकी निघाली, झुपुक झुपुक.

"माकडीणकाकू, माकडीणकाकू, केळं द्या. केळं मामाला, मामा देईल भात. भात खेकड्याला, खेकडा देईल शिंपली. शिंपली बगळ्याला, बगळा देईल कापूस. पिल्लं कुडकुडतात."

काकू म्हणाली, "मला डोहाळे लागलेत बाई. आधी चिंच आण."

बिटकीने कान टवकारले. "नक्की चिंचच? मागाहून बदलणार नाही ना?"

"चिंचच."

"मग थांबा. मी चिंचेवरच राहते."

चिंच दिली काकूला, काकूने दिलं केळं. बिटकीने हुंगून घेतलं.

केळं दिलं मामाला, मामाने दिला भात. बिटकीने फुंकून घेतला.

भात दिला खेकड्याला, खेकड्याने दिली शिंपली. बिटकीने उजेडात धरली. शिंपलीला भोक.

"ही नको. ती द्या."

खेकड्याने डोळे आत घेतले. गुपचूप चांगली दिली.

"आता माझ्याकडे देणं काही उरलं?"

"काही नाही."

"पुन्हा म्हणा."

"काही नाही."

शिंपली दिली बगळ्याला, बगळ्याने दिला कापूस. बिटकी धावली, झुपुक झुपुक झुपुक. पिल्लं शिरली कापसात. कुडकुड थांबली.

कापूस मऊ, ढोली उबदार, आमची गोष्ट झाली पार.