रिकामी धावपट्टी

हवाई तळावर धुकं दाटलं, की कंट्रोल टॉवरच्या रेडिओवर विचारणा व्हायची, "उतरू का?" आवाज कधीकाळी इथंच कोसळलेल्या वैमानिकाचा. परवानगी मिळाली, की तो शांत व्हायचा.

आज ती विचारणा होताच ड्यूटीवरच्या कंट्रोलर वृंदा तांबटनं माईक उचलला, तोच तपासणीला आलेले एअर मार्शल शिरोळे कडाडले, "खबरदार! रडारवर काहीही नाही. हा खुळेपणा बंद!"

"बरं, सर. मग आपली गाडी धावपट्टीवरूनच न्या. लवकर पोहोचाल."

साहेब तावातावानं खाली गेले. गाडी धावपट्टीच्या कडेशी येऊन थबकली. धुक्यातून इंजिनाची घरघर जवळ येऊ लागली.

टॉवरच्या रेडिओवर गाडीतून साहेबांचा कापरा आवाज आला, "उतर बाबा, धावपट्टी मोकळी आहे."