कॅनडाची सोडचिठ्ठी

गडहिंग्लजला रेवती नावाची एक लेक होती. लग्न करून ती कॅनडाला गेली, पण नवऱ्याशी, विक्रांतशी, तिचं काही जमेना. शेवटी दोघांनी मिळून तिथल्याच कोर्टातून सोडचिठ्ठी घेतली आणि रेवती माहेरी परतली. पुढं गुरांच्या डॉक्टरनं, दिगंबरनं, तिला मागणी घातली. दोघांनी लग्नाच्या कचेरीत नोटीस लावली.

तर विक्रांतचे वडील आबासाहेब इंगवले मिशीला पीळ देत हरकत घ्यायला हजर! आपलं घर सोडून गेलेली सून पुन्हा बोहल्यावर चढते म्हणजे काय!

“साहेब, कॅनडाच्या कागदाला इथं कुत्रंसुद्धा विचारत नाही,” ते गरजले. “ही अजून इंगवल्यांची सून आहे. लिहून घ्या!”

साहेबांनी पेन उचललं. दिगंबरचा चेहरा पडला. रेवतीनं मात्र डोक्यावर पदर घेतला आणि ती आबासाहेबांच्या पाया पडली.

“मामंजी, तुमचा शब्द कशी मोडू? आजच नांदायला येते. पण वैशाखात बँड लावून तुम्ही विक्रांतसाठी दुसरी आणलीत, ती पोरगी मग त्याची कोण? आणि पहिली बायको असताना दुसरी करणाऱ्याला किती वर्षं आत बसवतात, तेही साहेबांना आत्ताच विचारू या.”

कचेरीत हशा पिकला. आबासाहेबांना घाम फुटला.

“नको, नको! सोडचिठ्ठी खरी आहे. आम्हाला मान्य आहे!”

“मग तेच लिहून द्या,” साहेब म्हणाले.

आबासाहेबांनी मुकाट्यानं सही केली. रेवती-दिगंबरचं लग्न थाटात लागलं. आता त्यांच्या गोठ्यात दुभत्या म्हशी आहेत, घरात पाळणा हलतोय, आणि रेवतीची आई नातीला काजळ लावताना स्वतःशीच हसते.