उलटं फिरलं टिकलीचं चाक

एक होती खार. एवढीशी. मूठ उघडा बघू. हां, त्या मुठीत मावेल एवढीशी. तिचं नाव टिकली.

टिकलीला एक भाऊ होता. तो तर बोटाच्या पेराएवढा. अंगावर केस नाहीत. शेपूट म्हणजे नुसती सुतळी. आई दाणे गोळा करायला गेली, की बाळ टिकलीकडे. वारा आला, की बाळ कुडकुडायचं. कुडकुड कुडकुड!

टिकली म्हणाली, "बाळाला गोधडी हवी. मी शिवणार."

पेरूच्या झाडाखाली एक शिलाई मशीन होती. म्हातारी होती. पायडलची होती. आणि बोलायला फटकळ होती.

मशीन म्हणाली, "शिवायचंय? मग ऐक. आधी चाकाला हात. चाक आपल्याकडे फिरवायचं. मग पायडलवर पाय. आधी हात, मग पाय. आणि शिकायचं कागदावर. कापड आणायचं नाही!"

टिकली कागदावर शिकली. दोरा नाही, नुसती सुई. टकटक टकटक! रेघ जायची इकडे, भोकं जायची तिकडे. हसू नका. तुम्ही पहिल्यांदा चमचा धरलात, तेव्हा वरण कुठे गेलं होतं? सगळं गालाला!

एक दिवस वारा सुटला. गारगार वारा. बाळ कुडकुडलं. कुडकुड कुडकुड! टिकलीला दम निघेना. तिने कागद फेकला. घरात एकच मऊ फडकं होतं. तेच आणलं. सुईत दोरा ओवला. फडकं सुईखाली ठेवलं. आणि मारली पायडलवर उडी. धप्!

आणि हात? हात विसरली की हो!

चाक फिरलं उलटं. खर्रर्र! दोरा गुंतला. गुर्रर्र! दोरा तुटला. टक्! आणि मशीनने फडकं दातांत घट्ट धरलं. घप्!

टिकलीने ओढलं. फडकं सुटेना. पुन्हा ओढलं. फडकं सुटेना.

"मशीनबाई, मशीनबाई, माझं फडकं सोडा ना!"

मशीन म्हणाली, "उलटं फिरवलंस. माझे दात अडकले. थेंबभर तेल आण. मग सोडीन."

टिकली रडत रडत निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! घाण्याकडे गेली.

"घाणेदादा, घाणेदादा, थेंबभर तेल द्या ना!
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

घाणा म्हणाला, "च् च् च्! फार वाईट झालं. पण मी नाही हो. बैल गोल फिरला, तर तेल देईन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! बैलाकडे गेली. बैल बसला होता. डोळे मिटून बसला होता.

"बैलोबा, बैलोबा, गोल फिरा ना!
घाणा तेल देईना,
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

बैलाने एक डोळा उघडला. म्हणाला, "च् च् च्! फार वाईट झालं. पण मी नाही हो. माझ्या मानेला गोचीड चावतात. कावळ्याने वेचले, तर फिरेन."

आणि डोळा मिटून घेतला.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! वारा आणखी गार झाला. टिकलीचं नाक गार झालं. बाळाचं किती गार झालं असेल! तिला वाटलं, परत पळत जावं आणि बाळाजवळ बसावं. पण बसून काय होणार? ती कावळ्याकडे गेली.

"कावळेदादा, कावळेदादा, गोचीड वेचा ना!
बैल गोल फिरेना,
घाणा तेल देईना,
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

"काव! च् च् च्! फार वाईट झालं. पण मी नाही हो," कावळा म्हणाला. "माझं घरटं बघ. मधोमध भगदाड! बाभळीने काटकी दिली, तर गोचीड वेचीन. आणि मी वरून सगळं बघितलं. चाक उलटं फिरवायला तुला सांगितलं कोणी?"

कोणीच नव्हतं सांगितलं. टिकली मान खाली घालून निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु... बाभळीकडे गेली.

"बाभूळआत्या, बाभूळआत्या, काटकी द्या ना!
कावळा गोचीड वेचेना,
बैल गोल फिरेना,
घाणा तेल देईना,
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

बाभूळ करवादली. "च् च् च्! फार वाईट झालं. पण मी नाही हो. ही शेळी बघ! खाते आहे, खाते आहे, माझा सगळा पाला खाते आहे. मी बोडकी व्हायची वेळ आली. शेळीने पाला सोडला, तर काटकी देईन."

शेळी तिथेच होती. मागचे पाय जमिनीवर, पुढचे पाय फांदीवर. चरचर चरचर, पाला खात होती.

"शेळीताई, शेळीताई, पाला सोडा ना!
बाभूळ काटकी देईना,
कावळा गोचीड वेचेना,
बैल गोल फिरेना,
घाणा तेल देईना,
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

शेळीचं तोंड भरलेलं. "बें! च् च् च्! फार वाईट झालं. पण मी नाही हो. मोकळी शेळी पाला सोडते का कधी? भागूमावशीने मला बांधलं, तर सोडीन."

भागूमावशी शेळीची मालकीण. ती बांधावर वाकून काहीतरी गोळा करत होती. टिकली तिच्याकडे निघाली. आता तिला पळवेना. पाय ओढत गेली. तुरु... तुरु... तुरु...

"भागूमावशी, भागूमावशी, शेळी बांधा ना!
शेळी पाला सोडेना,
बाभूळ काटकी देईना,
कावळा गोचीड वेचेना,
बैल गोल फिरेना,
घाणा तेल देईना,
मशीन फडकं सोडेना,
बाळाची गोधडी होईना.
बाळ कुडकुडतंय, कुडकुड कुडकुड!
आता मी काय करू?"

भागूमावशी म्हणाली, "आगं माझे बाय! लई वंगाळ झालं. पर मी शेळी कशी बांधू? माझी पिशवी फाटलीया. भाकर उचलली की कांदा पडतुया. कांदा उचलला की भाकर पडतीया. माझं दोन्ही हात गुतल्यात. तू पिशवी शिवून दे. मंग शेळी बांधते."

पिशवी शिवून दे!

टिकली बघतच राहिली. शिवायचं कशाने? मशीनने. मशीनला काय हवं? तेल. तेल कोण देणार? घाणा. घाणा तेल कधी देणार? बैल फिरला, की. बैल कधी फिरणार? कावळा आला, की. आणि कावळा, आणि बाभूळ, आणि शेळी, आणि भागूमावशी. आणि भागूमावशीला काय हवं? शिवून!

सगळं फिरून फिरून तिथेच आलं. घाण्याच्या बैलासारखं.

टिकली मटकन खाली बसली. आणि रडली. फार रडली. डोळ्यांतून टपटप, नाकातून सूं सूं.

"मला शिवता येत नाही. मला काहीच येत नाही. होतं ते फडकंसुद्धा मी घालवलं. बाळ कुडकुडतंय, आणि मी इथे बसलेय."

कोणी आलं नाही. मावशीचे हात तर गुंतलेले, डोळे कोण पुसणार? वारा मात्र आला. सूं सूं करत आला.

लांबून आवाज आला. बारीकसा आवाज. चीं... चीं... बाळ रडत होतं.

टिकली ताडकन उठली. पळायला गेली, तोच पायात काटा रुतला. बाभळीचा काटा! "आई गं!" तिने काटा उपटला. फेकायला हात वर केला.

आणि हात थांबला.

काटा लांब होता. काटा टोकदार होता. काट्याने भोक पडतं. दिसलंच की, पायाला पडलं होतं!

टिकलीने आपल्या शेपटीतला एक केस धरला. सगळ्यांत लांब केस. डोळे मिटले. उपटला. "आई गं!"

काट्याने पिशवीला भोक पाडलं. टुच! दातांनी केस आत घातला. सुळ्ळ! पुन्हा भोक. टुच! पुन्हा केस. सुळ्ळ! केस संपला. दुसरा उपटला. "आई गं!" तोही संपला. तिसरा उपटला. शेपूट विरळ झाली. टाके कसे पडले? एक वर, एक खाली. एक लांब, एक आखूड. एक तर कुठे गेला, तो त्यालाच माहीत.

टिकलीने पिशवी पुढे केली. वर बघायची तिला लाज वाटली. "वाकडी झाली, मावशी."

भागूमावशीने भाकर आत टाकली. कांदा आत टाकला. पिशवी हलवून बघितली.

"वाकडी का हुईना! भाकर पडत न्हाई, कांदा पडत न्हाई. आनि काय पायजे?"

मावशीचे हात मोकळे झाले. आणि मग काय!

भागूमावशीने शेळी बांधली.
शेळीने पाला सोडला.
बाभळीने काटकी दिली.
कावळ्याने गोचीड वेचले.
बैल गोल फिरला.
घाण्याने तेल दिलं. एकच थेंब. पानावर घेऊन टिकली पळाली. सांडू नको, सांडू नको! तुरुतुरु तुरुतुरु!
मशीनला तेल लावलं.
मशीनने दात उघडले. खट्!
फडकं सुटलं.

टिकलीने फडकं उलगडलं. आणि तिचं तोंड एवढंसं झालं. फडक्याला चुण्या पडल्या होत्या. मधोमध एक भोक पडलं होतं.

मशीन म्हणाली, "बघत काय बसलीस? घडी घाल. भोक आत जाईल. बस शिवायला."

टिकली हलेना. "मला भीती वाटते. चाक पुन्हा उलटं फिरलं तर?"

"फिरेल," मशीन म्हणाली. "फिरलं की थांबायचं. आणि पुन्हा सुलटं फिरवायचं. माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी चाक उलटं न फिरवलेलं कोणीच मला भेटलेलं नाही."

टिकलीने नाक पुसलं. नवा दोरा ओवला. फडक्याची घडी घातली. मशीनच्या खणात मऊ मऊ कापूस होता, तो मधे ठेवला. मग चाकावर चढली. हात लावला. चाक आपल्याकडे ओढलं. हळू. आणि मग पायडलवर उडी. धप्!

खड... खड...

थांबलं.

पुन्हा हात. पुन्हा उडी. धप्!

खड... खड... खडखड... खडखड खडखड खडखड!

टीप निघाली. इकडे गेली, तिकडे गेली, जरा भरकटली, पुन्हा आली. पण तुटली नाही.

टिकली गोधडी घेऊन ढोलीत पळाली. तुरुतुरु तुरुतुरु! बाळ एका कोपऱ्यात गोळा होऊन पडलं होतं. नाक गार. पाय गार. रडून रडून आवाज बसलेला. टिकलीने गोधडी घातली. खाली खोचली. वरून ओढली. आणि बाळाशेजारी बसून राहिली.

कुडकुड कुडकुड.

कुडकुड... कुड...

कुड...

मग काहीच नाही. फक्त छोटासा श्वास. हूं... हूं...

टिकलीने गोधडीवरून हात फिरवला. टीप वाकडी होती. फारच वाकडी होती. बाळाने टीप बघितलीच नाही. ते झोपलं होतं.

दोरा संपला, गाठ मारली, आमची गोष्ट गोधडीत शिरली. आता तुम्हीही शिरा बघू.