हिंदुराव अण्णांचा लाल इशारा

“हे दोन्ही इशारे एकाच रंगाचे आहेत! मला काय खुळा समजता?”

तालुका दूध संघाचे चेअरमन हिंदुराव अण्णा टेबलावर हात आपटून गरजले. पडद्यावर एक इशारा लाल होता, एक हिरवा. पण हे अण्णांना सांगणार कोण? सगळे संचालक एका सुरात म्हणाले, “अगदी एकच रंग, अण्णा!”

सॉफ्टवेअर बनवणारा मिहिर रडकुंडीला आला. संघाच्या यंत्रांसाठी नवं अपडेट आलं की पडद्यावर इशारा दिसायचा. हिरवा म्हणजे सवडीनं करा, पिवळा म्हणजे संध्याकाळच्या आत, आणि लाल म्हणजे हातातलं टाकून आत्ता! परवा अण्णांनी लाल इशारा बघून खुशाल “होऊ दे सवडीनं” म्हटलं, आणि थंड करायची टाकी बंद पडून चार हजार लिटर दूध नासलं.

“चार दिवस देतो,” अण्णा मिहिरला म्हणाले. “असे इशारे आण, जे मला कळतील, अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला कळतील, आणि रोज दूध घालायला येणाऱ्या आंधळ्या सोपानबुवांनाही कळतील! नाहीतर कंत्राट रद्द!”

आंधळ्याला रंग कसा दाखवायचा? मिहिरचा चेहरा पार उतरला.

दुधाची फॅट तपासणारी शेवंता दारातच उभी होती. ती म्हणाली, “अण्णा, बाजारात टोमॅटो कसे निवडता हो?”

“दाबून! पिकलेला मऊ लागतो. का गं?”

“काही नाही, सहज!” शेवंतानं काय ते ओळखलं. अण्णांना लाल-हिरव्यातला फरकच दिसत नव्हता! “हे काम मी करते.”

“इंजिनिअरला जमेना, ते तू करणार?”

“त्यांना रंग कळतात अण्णा, मला माणसं कळतात!”

चौथ्या दिवशी सभागृह भरलं. पुढच्या खुर्चीत अण्णांच्या आई, शेजारी सोपानबुवा. शेवंतानं खूण केली, मिहिरनं बटण दाबलं.

पडद्यावर झाकलेलं पातेलं आलं. टिण्‌!

“झाकण ठेवलं कुणीतरी,” सोपानबुवा म्हणाले. “मग काय, निवांत!”

दुसऱ्या पातेल्यात कडेनं फेस धरलेला. बुडबुड, बुडबुड.

“तापायला लागलंय,” आई म्हणाल्या. “लांब जाऊ नका गं पोरींनो.”

मिहिरनं तिसरं बटण दाबलं. पातेल्याच्या काठावरून दूध भसाभसा खाली. फस्स्स!

“अगं, उतू गेलं! गॅस बंद करा!” आई गुडघेदुखी विसरून ताडकन उठल्या. सोपानबुवांनी काठी उचलली. आणि अण्णा? ते खांद्यावरचा पंचा हातात घेऊन पातेलं उतरवायला थेट कॉम्प्युटरपर्यंत धावले होते!

सभागृह खदखदून हसलं. पंचा पुन्हा खांद्यावर टाकत अण्णांनी शेवंताकडे डोळे वटारले.

“हे ठीक आहे! पण रंग कुठे गेले?”

“जागच्या जागी आहेत की अण्णा! पातेल्यांच्या मागं बघा, हिरवा, पिवळा, लाल. पण रंग ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुरता. दूध मात्र चेअरमनच्या घरीही उतू जातं!”

अण्णा आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. मिहिरचं कंत्राट कायम झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या गोठ्यातली एक दुभती म्हैस शेवंताच्या दारात येऊन उभी राहिली!