दिवेलागणीची पाहणी

“आन् खालच्या तुकड्याचं काय?” मठात राहणाऱ्या आक्कांनी विचारलं.

प्रभंजनचं नकाशावर फिरणारं बोट थांबलं. मठाच्या जमिनीचा नकाशा त्यांच्यापुढे पसरून तो बराच वेळ बोलत होता. पाणी कुठं अडवायचं, फळझाडं कुठं, भाजीचे वाफे कुठं, मधमाश्यांच्या पेट्या कुठं. पुण्याला जाऊन तो पर्माकल्चर शिकून आला होता. झाडं, पाणी, माणसं आणि जनावरं एकमेकांच्या आधारानं नांदतील अशी जमीन बसवायची ती विद्या. ती आपल्याला पुरती आली, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

“खालचा तुकडा नंतर बघू,” तो म्हणाला.

“कोण बघणार?”

“आपणच. त्या लोकांना पाहणीत तिकडं न्यायचं नाही, एवढंच.”

...

ते लोक म्हणजे मिरजेची काही कुटुंबं. येत्या रविवारी ती जमीन बघायला येणार होती. पसंत पडली, तर सगळ्यांनी मिळून आराखडा करायचा, मिळून राबायचं आणि इथंच घरं बांधून राहायचं. नाही पडली, तर मठाचे पंच जमीन वीटभट्टीला देऊन मोकळे होणार होते. भट्टीवाले वरची माती खरवडून नेतात आणि मागं खड्डे ठेवतात. मग म्हाताऱ्या आक्का त्या खड्ड्यांच्या कडेला एकट्या.

प्रभंजननं या जमिनीपायी नोकरी सोडली होती, घरच्यांशी वाकडं घेतलं होतं. रविवार जवळ येत होता तसा त्याला अन्न गोड लागेना.

आणि खालचा तुकडा म्हणजे मीठ फुटलेली जमीन. कोणे एके काळी मठानं ती उसाला दिली, आणि पाणी पाजून पाजून लोकांनी ती मारली. आता तिच्यावर पांढरा थर असे. तिथं गवताची काडी उगवत नव्हती.

“मधे शेवरीची रांग आहे,” प्रभंजन म्हणाला. “दाट झाली आहे. वरून काही दिसत नाही.”

“रांग तूच लावलीस.”

“वाऱ्याला आडोसा म्हणून.”

आक्का बघत राहिल्या. प्रभंजननं नकाशाची सुरकुती हातानं सारखी केली.

“मी खोटं कुठं बोलतोय, आक्का? कुणी विचारलं तर सांगू की.”

“जे दिसलं न्हाई, त्येचं कोण विचारतंय?”

“पण वेळसुद्धा मी विचार करून ठरवली आहे. उन्हं कलली की निघायचं. आधी आंबे, मग विहीर. त्या वेळी जमीन काय देखणी दिसते! शेवरीपाशी येईस्तोवर दिवेलागण होईल. तिथूनच माघारी फिरायचं आणि पानं वाढायची.”

“दिवेलागण...” आक्का म्हणाल्या.

“हो.”

“ही वेळ तुला कुणी सांगितली?”

“कुणी नाही. माझी मलाच सुचली.”

“सुचती,” आक्का म्हणाल्या. “जीव गुंतला की सुचती.”

त्यांनी काठी घेतली आणि उतरायला लागल्या. प्रभंजन नकाशा गुंडाळत मागं धावला. डोक्यावर ऊन तापलं होतं. आक्कांचे गुडघे उतारावर साथ देत नव्हते, तरी त्यांनी त्याचा हात धरला नाही. शेवरीच्या रांगेत एका जागी वाट करून त्या आडव्या घुसल्या आणि पलीकडं पांढऱ्या जमिनीवर जाऊन उभ्या राहिल्या. पायाखाली मिठाचा थर करकरला.

मग त्यांनी पदर मागं घेतला.

...

आक्कांचा पदर कायम डाव्या गालावरून ओढलेला असे. मठात आल्यापासून प्रभंजननं तो तसाच पाहिला होता. आल्यागेल्याला तो त्या पदरामागचं वैराग्यही समजावून सांगत असे.

आता तो गाल उन्हात होता. कानापासून गळ्यापर्यंत कातडी ओढली गेली होती. जुनं भाजल्याचं होतं ते. प्रभंजनला आधी कसंतरी झालं आणि मग आपल्याला कसंतरी झालं याची लाज वाटली. त्यानं मान खाली घातली.

“बघ की,” आक्का म्हणाल्या. “बघाय तर आणलंय.”

त्यानं पाहिलं.

“लहानपणी पेटती चिमणी अंगावर पडली. मोठी झाले, स्थळं यायला लागली. जे येई ते बघून जाई, परत फिरकत न्हवतं. मग एकदा आईनं बघाय येणाऱ्यांना दिवेलागणीची वेळ दिली. मला भिंतीला लागून बसवलं. डावी बाजू भिंतीकडं. कंदील लांब ठेवला.”

“आणि...?”

“चहा बहिणीनं दिला. मी उठले असते तर दिसलं असतं.”

“त्यांनी नाकारलं?”

“पसंत केलं.”

वाऱ्यानं शेवरी हलली. आक्का जमिनीकडं बघत बोलत होत्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रभंजनला सोसवत नव्हतं.

“लग्न लागलं. मुंडावळ्या, पदर, गर्दी. त्येच्या घरी गेले, सकाळ झाली, न्हवऱ्यानं बघितलं.”

“घालवून दिलं?”

“न्हाई रे. माणूस बरा होता. म्हणाला, भाजलेलं चाललं असतं गं मला.”

“मग?”

“मग काय... मी म्हणायची, भाकरी झाली. तो उठून टोपलीत बघायचा. मी म्हणायची, आईकडं जाऊन येते. तो वाटेवर माणूस ठेवायचा. खरं बोलले तरी त्येचा डोळा ह्या गालाकडं जायचा. आणिक काय झाकलंय, म्हणून.”

...

“शेवटाला माझी मीच निघून आले,” आक्का म्हणाल्या. “आईला वाटलं, त्यानं टाकली. मरेपर्यंत त्येला शिव्या देत हुती.”

प्रभंजनच्या मनातली भीती मात्र तोंडावाटे बाहेर पडलीच.

“पण आक्का, दाखवलं असतं तर कुणी पसंतच केलं नसतं!”

“नसतं केलं.”

“हे लोकही हा तुकडा बघतील आणि गाडीत बसून निघून जातील.”

“जातील.”

“मग भट्टी लागेल इथं.”

“लागंल.”

तो थांबला. आक्का पुढं काहीतरी म्हणतील, एखादा धागा तरी हाताला देतील, अशी त्याची आशा होती. लांब नदीकाठच्या कुठल्याशा भट्टीचा धूर सरळ वर चढत होता. दोघांनाही तो दिसत होता.

प्रभंजन खाली बसला. मिठाचा एक पापुद्रा त्यानं बोटानं उचलला, तो बोटातच चुरला. नकाशावर हा तुकडा त्यानं कोराच सोडला होता. त्याला आता रडू येत होतं, जमिनीसाठी की आक्कांसाठी की स्वतःसाठी, ते त्याचं त्यालाच कळेना.

त्यानं विचारलं, “मग रविवारी सुरुवात कुठून करू?”

वाऱ्यानं पदर पुन्हा गालावर आला. आक्कांनी तो काढून खांद्यामागं टाकला आणि कमरेला घट्ट खोचला.

“हितनंच. भर दुपारी बोलीव,” त्या म्हणाल्या. “चहा मी घिऊन येते.”