बरण्या कोणाच्या?

वेळूगडात पटकीची साथ आली, तेव्हा शेजारच्या शिरसपूरने औषधाच्या तीनशे बरण्या पाठवल्या. सोबत शिरसपूरची वैद्य चिमाबाई आली. रुग्णांच्या छावणीत जेमतेम शंभर बरण्या पोचल्या आणि त्या दुपारीच संपल्या. उरलेल्या अमात्य गोपाजीपंतांच्या हवेलीत उतरताना चिमाबाईने स्वतः पाहिल्या होत्या.

ती तडक दरबारात गेली. तडफडणारी माणसं डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिला एका जागी उभं राहवेना.

"महाराज, अमात्यांच्या हवेलीची झडती घेऊ द्या."

गोपाजीपंत कडाडले, "परक्या राज्याची बाई आमच्या राज्याच्या मालाला हात लावणार? हा महाराजांचा अपमान आहे!"

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. दरबारी माना डोलवू लागले.

"पंत, एवढंच सांगा," चिमाबाई म्हणाली, "हवेलीतल्या बरण्या राज्याच्या की तुमच्या? राज्याच्या असतील तर आत्ताच छावणीत पाठवा, झडती नकोच. तुमच्या असतील, तर मी राज्याच्या मालाला हात कुठे लावतेय?"

"राज्याच्याच," पंत पुटपुटले.

"गाड्या जुंपा!" महाराज गरजले.

दिवस मावळायच्या आत दोनशे बरण्या छावणीत पोचल्या. पंतांचं पद गेलं. साथ ओसरल्यावर चिमाबाईने करार सुचवला : साथीत दोन्ही राज्यांनी एकमेकांची औषधकोठारं तपासायची.

"शिरसपूरचं कोठार आम्ही कशाला तपासायचं?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, अमात्य आमच्याकडेही आहेत," चिमाबाई म्हणाली.