गोजराईचा घास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. नदीकाठी कासारपाण नावाचं गाव आहे, तिथे पाणजाई देवीच्या जत्रेचा स्वयंपाक गोजराई करायची. तिच्या नाकाची कीर्ती पंचक्रोशीत होती. कुणाच्या चुलीवरचं दूध उतू चाललंय हे तिला चार घरं अलीकडे कळायचं. लेकराचं कपाळ हुंगून ती उद्या ताप येणार म्हणून सांगायची. नदीपलीकडे कुणी भाजी फोडणीला टाकली, तर ही अलीकडून ओरडायची, "अगं, लसूण करपली!" असं म्हणतात. हे शेवटचं मला जरा जास्तच वाटतं, पण म्हणतात खरं.

गोजराईचा नवरा लवकर गेला होता. मागे एक लेक होती, चिमा. मायलेकींचा एक खेळ होता. गोजराई चिमाला डोळे मिटायला लावायची, नाक चिमटीत धरायला सांगायची आणि तिच्या जिभेवर काहीतरी ठेवायची.

"काय हाय?"

"गोड हाय."

"निस्तं गोड? आता सोड नाक."

चिमा नाक सोडायची आणि किंचाळायची, "आंबा! आये, आंबा!" मग गोजराई सांगायची, जिभेला बिचारीला गोड, आंबट, खारट, तिखट, कडू एवढंच समजतं. आंब्याचा आंबा होतो तो नाकात. घास चावला की त्याचा वास घशातून मागच्या वाटेनं वर चढतो, तेव्हा कुठे माणसाला खरी चव कळते.

कासारपाणची रीत अशी, की जत्रेला प्रत्येक घरानं आपल्या वेलीचा एक दुधी भोपळा देवीला आणायचा. सगळ्या भोपळ्यांची मिळून एक भाजी व्हायची. आता दुधीत एखादा कडू निघतो, आणि तो कडू म्हणजे विषच. एक पडला की सगळी कढई गेली. कच्चं असो की शिजलेलं, देवीच्या आधी कुणी चाखायचं नाही, आणि स्वयंपाक करणारीनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पण कच्च्या भाजीला नाक लावायला कुणाची हरकत नव्हती. गोजराई एकेक भोपळा देठाशी हुंगायची आणि कडू असेल तो मुकाट्यानं बाजूला ठेवायची. दुसऱ्या कुणाला असा वास कधी आला नाही. तिला यायचा, असं म्हणतात.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. चिमा तापली, गोजराईही तापली. दोघी उठल्या, पण चिमा वाळून काटकी झाली आणि गोजराईचं नाक गेलं. फोडणी नुसती तडतडायची. आंबा गोड लागायचा, आंबट लागायचा, पण आंबा लागायचा नाही. खेळात नाक चिमटीत धरलं की व्हायचं तसंच, फक्त आता नाक सोडलं तरी सुटत नव्हतं. सगळ्यांत वाईट म्हणजे लेकीला कुशीत घेतलं तरी तिच्या केसांचा वास येईना. त्यासाठी ती रडली. पण बोलली कुणाजवळ नाही. देवीचा स्वयंपाक दुसरीकडे गेला, तर गोजराई म्हणून तिच्याजवळ उरलं काय असतं?

जत्रा आली. सवयीनं तिनं एकेक भोपळा उचलला, देठाशी नाक नेलं आणि खाली ठेवला. बाजूला काही काढलं नाही. बायका म्हणाल्या, यंदा देवी पावली, एकही कडू नाही.

नैवेद्य झाला. पहिली पंगत लेकरांची बसली. चिमानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आये, कडू लागतंय."

गोजराईनं कढईकडे पाहिलं. कढईत बोट बुडवून जिभेला लावलं असतं तरी कळलं असतं, कारण जीभ शाबूत होती. पण रीत आडवी आली. ती म्हणाली, "देवीच्या परसादाला कडू म्हनू नये, बाय. खा गुमान."

चिमानं सगळं खाल्लं. इतर पोरांनी अर्धंमुर्धं पानाखाली सारलं. चिमा आईचं ऐकणारी होती.

दुसरी पंगत बसत होती. पानांवरून फिरताना गोजराईला दिसलं, की सगळ्या पोरांनी भाजी टाकली आहे, एकट्या चिमाचं पान चाटूनपुसून साफ आहे. तेव्हा तिनं रीत मोडली. बोट कढईत घातलं, जिभेला लावलं आणि कढईच लाथेनं उलटी केली.

गुरव धावला. "आगं, बाटवलंस की सगळं!"

"माझं नाक गेलंय," ती ओरडली. "तापात गेलं. म्या लपवलं. कुनी खाऊ नका!"

दुसरी पंगत वाचली. पहिल्या पंगतीतली लेकरं ओकली, तळमळली आणि उठून बसली. तापातून नुकती उठलेली चिमा मात्र उठली नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत ती गेली.

तो भोपळा कुणाच्या वेलीचा, यावरून गावात कुजबुज सुरू झाली. गोजराई म्हणाली, "माझ्याच." तिच्या दारात त्या वर्षी वेलच नव्हती. मग कुणी पुन्हा विचारलं नाही.

आणि तेराव्याला चिमाची गोधडी घडी करताना तिचं नाक परत आलं, असं म्हणतात. एकदम आलं. खोबरेल तेल, घाम, चुलीचा धूर, सगळी चिमा त्या गोधडीत होती. गोजराईनं ती गोधडी कधी धुतली नाही. पण वास काय, रोज थोडा थोडा उडतो. एक दिवस ती हुंगायला बसली आणि गोधडीला नुसता कापडाचा वास आला. त्या दिवशी तिचा हंबरडा नदीपलीकडे ऐकू गेला, असं म्हणतात. यावर मात्र माझा विश्वास आहे.

कासारपाणला आजही घराघरातून भोपळे येतात. पण आता नैवेद्याच्या आधी स्वयंपाक करणारी बाई देवीसमोर बसून पहिला घास स्वतः खाते. त्याला गोजराईचा घास म्हणतात आणि देवीला तो चालतो. मग लेकरांची पंगत बसते. बाई सगळ्यांत लहान पोरीपुढे वाकते. पोरीचं नाव काहीही असो, त्या दिवशी तिला चिमाच म्हणायचं.

"चिमा, कसं लागतंय गं?"

पोरगी सावकाश चावते. ती बोलेपर्यंत सगळं गाव हात आवरून थांबतं.